दिमाखचं गंगावन

शेपटीवरून अंगठा फिरवल्याशिवाय मी कुठल्याही कुत्र्याच्या अंगाला पाणी लावत नाही. बुडापासून टोकापर्यंत, एकदाच, सावकाश. गोचीड कळते, गाठ कळते, कुणी दारात चिमटवली असेल तर तेही कळतं. आणि कुत्र्यालाही कळतं की हा माणूस घाईत नाही. मग ते कान देतं, पंजे देतं, पोटसुद्धा देतं. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. मी कुत्र्यांचा न्हावी. हसायचं तर हसून घ्या, मीही हसतो.

हसणं हाच माझा खरा धंदा, कात्री हा जोडधंदा. एक गिऱ्हाईक होतं, डावीकडचे चार केस उजवीकडे आणून टक्कल झाकणारं. मला म्हणालं, "आमच्या कुत्र्याला असा कट मार, की आम्ही बापलेक वाटलो पाहिजे." मारला. मधलं रान साफ, आणि डावीकडून चार केस उजवीकडे. तो परत कधी आला नाही. पण त्याची बायको दुसऱ्याच दिवशी आली, खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि तेव्हापासून कुत्रं घेऊन तीच येते.

ताईला विचारा. शाळेत असताना मी तिच्या वेणीच्या आत मांजराच्या गळ्यातली घंटी गुंफली होती. बिचारी दिवसभर बाकाखाली मांजर शोधत होती.

तर असा मी. पण आता जे सांगतोय, त्यात मी जिथे हसलो तिथेच माती खाल्ली. दीड वर्ष झालं, अजून आठवलं की कानशिलं तापतात.

मेजर माझ्याकडे आला तेव्हापासून सांगतो. मेजर कुठल्याही फौजेत नव्हता. छाती पुढे, पोट आत, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मान हलवायची सवय, म्हणून मेजर. घरामागच्या शेडमध्ये तो लांब केसांची छोटी कुत्री पैदा करून विकायचा. या जातीचं सगळं वैभव शेपटीत. पाठीवर उलटी वळलेली, आणि तिच्यावरून केस असे सांडतात की वाटावं कारंजं सुरू आहे. मेजरचा नर होता दिमाख. पांढराशुभ्र, डोळे काळे, स्वभावाने इतका गरीब की मी त्याची नखं कापताना तो माझं मनगट चाटत बसायचा.

पहिल्याच दिवशी माझा अंगठा थांबला. टोकाच्या चार बोटं अलीकडे. तिथे शेपटी सरळ कोपरासारखी वळली होती.

"मेजरसाहेब, ही मोडलीय का?"

"लहानपणी दारात अडकली."

"मोडलेलं हाड जुळलं की गाठ लागते हाताला. इथे गाठ नाही. हाडच वाकडं आहे."

"उस्ताद, तू न्हावी आहेस की हाडवैद्य?" मेजरने मान हलवली. "पुढच्या महिन्यात शो आहे. वाकडी शेपटी म्हणजे रिंगणातून थेट बाहेर. झाकता येईल का तेवढं सांग."

झाकता येईल का! मला असं विचारणं म्हणजे बोक्याला विचारणं, की बाबा, दूध उघडं ठेवू का. जज म्हणजे कोटबिट घालून, नाक वर करून फिरणारी मंडळी. त्यांना टोपी घालायची संधी आयती चालून आलेली. दिमाखला विंचरताना निघालेले केस मी गोळा केले, धुतले, एकेक बट बांधली आणि त्याचं चक्क गंगावन केलं. बायका केसांत लावतात तसंच, फक्त इवलंसं. शोच्या सकाळी ते वाकड्या जागेच्या आत त्याच्याच केसांना शिवून टाकलं. कातडीला टोचलं नाही हां, केसाला केस. खळगा भरला, कारंजं सरळ पडलं. मेजर हसून म्हणाला, "लोक म्हणतात कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. त्यांना तुझा पत्ता द्यायला पाहिजे."

जजने शेपटीवरून हात फिरवला. त्याला रेशीम लागलं. सर्टिफिकेट मिळालं. मी हॉलच्या मागे पाण्याच्या पिंपाला टेकून पोट धरून हसलो. सहा महिन्यांनी दुसरा शो, दुसरा जज, तेच गंगावन, दुसरं सर्टिफिकेट. परत हसलो.

मला वाटत होतं, गंमत मी करतोय.

ताईचं पडद्यांचं दुकान आहे. पुढे कापडाचे गठ्ठे, मागे शिलाई मशीन, आणि मशीनमागे ताई, तोंडात चार टाचण्या धरून त्याच तोंडाने बोलणारी. एकटीच असते. मुलगी लग्न होऊन लांब गेली तेव्हा ती म्हणाली, "आता कुणावर ओरडू? तू तर ओरडूनही सुधारत नाहीस."

मी म्हटलं, "कुत्रं पाळ." आणि मीच तिला मेजरच्या शेडमध्ये घेऊन गेलो. दिमाखचीच पिल्लं होती. पाच. दोघांना लांब शेपट्या, तिघांना नुसते गोंडे, अंगठ्याच्या पेराएवढे.

"ह्यांच्या शेपट्या कुठे गेल्या?" ताईने विचारलं.

"आईचं पहिलं वेत," मेजर म्हणाला. "पहिलटकरीण घाबरते हो. चाटता चाटता चावली. म्हणून ही तीन स्वस्तात देतोय. शेपटी नसली म्हणून माया कमी करतात का ती?"

ताईने गोंडेवाली एक मादी उचलली. तिच्या गोंड्यावरून मी सवयीने अंगठा फिरवला. व्रण एका रेषेत होता, नीट, कात्रीने कापावा तसा. कुत्रीचे दात सरळ रेषेत कापत नाहीत, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण ताईच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू आलं होतं, आणि मेजर माझं गिऱ्हाईक होता, आणि मला घरी जायचं होतं. यातलं कुठलं कारण खरं, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. गप्प बसलो, एवढं खरं.

गोंडा टाचणीच्या माथ्यासारखा दिसतो म्हणून ताईने तिचं नाव टाचणी ठेवलं. टाचणी मशीनच्या पायट्यावर झोपायची, आणि ताई एक पाय आखडून मशीन चालवायची.

सातव्या महिन्यात टाचणीचे मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले. आधी ताईला वाटलं फरशी गुळगुळीत आहे. तिने दुकानभर जुने पडदे अंथरले. मग टाचणी बसल्या जागी ओली व्हायला लागली आणि स्वतःच दचकून मागे बघायची, की हे कुणी केलं. एका दुपारी ती पायट्यावरून घसरली आणि तिला परत चढता येईना. पुढचे पाय मारत राहिली. मागचे नुसते आले फरफटत.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला. बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला काका म्हणतात, आणि माझ्या एकाही विनोदावर आजवर हसलेल्या नाहीत.

"हे मणके बघा. असे चौकोनी असायला पाहिजेत, एकावर एक. हे दोन बघा."

बघितले. लाकूड फोडायला पाचर ठोकतात ना, तसे दोन. एका बाजूला जाड, एका बाजूला कागदाएवढे. त्यांच्यापाशी सगळा कणा वाकला होता.

"मज्जारज्जू इथे दाबला जातोय. हे पडून-बिडून झालेलं नाही. जन्मतःच आहे."

"बरी होईल?" ताईने विचारलं.

"ऑपरेशनचा उपयोग होईल का ते मोठ्या दवाखान्यात दाखवून ठरवू. पण मागचे पाय पहिल्यासारखे होतील असं मी नाही सांगणार तुम्हाला." मग त्यांनी टाचणीच्या गोंड्यापाशी पेन नेलं. "आणि ही शेपटी कापलेली आहे. चावलेली नाही. राहिलंय तेवढ्यातही शेवटचं हाड वाकडं आहे, बघा. बाप कुठला?"

ताईने मेजरचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्या नराची ही माझ्याकडची चौथी. दोघांच्या शेपट्या वाकड्या, बाकी ठणठणीत. एक आणि आता ही, दोघींचे मागचे पाय गेले. काका, वाकडी शेपटी म्हणजे दर वेळी कणाही वाकडाच, असं नसतं. शेपटी आपटून वाकडी होते, पोटात दाबून होते. पण वेगवेगळ्या आया, बाप एक, आणि प्रत्येक वेतात हेच? मग त्या बापाला थांबवायचं. एक्स-रे काढायचा त्याचा, मादीचाही काढायचा. जिच्यापासून अशी पिल्लं झाली तिच्याशी परत जोडी लावायची नाही. घेणाऱ्याला खरं सांगायचं. ह्यात काही मोठं शास्त्र नाही हो. लाज लागते थोडी."

"मग त्याला सांगितलं का नाही तुम्ही?" ताईचा आवाज चढला.

"सांगितलं. दोनदा. शो भरवणाऱ्या क्लबलाही लिहिलं. क्लबचं उत्तर आलं, की त्या नराला सरळ शेपटीची दोन सर्टिफिकेटं आहेत. दोन वेगवेगळ्या जजनी हात लावून बघितलंय." बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच धुता ना त्याला, काका? तुमचा तर रोज हात लागतो. खरंच सरळ आहे?"

टेबलावर टाचणी माझं मनगट चाटत होती. बापासारखीच.

माझी खोड अशी, की अंगावर आलं की तोंडातून विनोद निघतो. मी म्हटलं, "सरळ म्हणजे... आपल्या नगरपालिकेच्या रस्त्यांइतकी सरळ."

कुणीच हसलं नाही. ताई माझ्याकडे बघत राहिली. ती घंटी शोधत होती ना वर्गात, तेव्हाही संध्याकाळी घरी आल्यावर अशीच बघत होती.

"तुला माहीत होतं."

"ताई, मी..."

"तू काय केलंस?"

सांगितलं. गंगावन सांगितलं, पिंपाला टेकून हसलो तेही सांगितलं. ताईने टाचणीला जुन्या पडद्यात गुंडाळलं, उचललं आणि दारात थांबून म्हणाली, "आजपर्यंत तू माझ्या जिवावर हसलास, चाललं. ह्या मुक्या जिवाच्या जिवावर हसलास. दुकानाची पायरी चढू नकोस, गधड्या."

गधड्या मला ती रोजच म्हणते. त्या दिवशीचं गधड्या वेगळं होतं.

मी तडक मेजरच्या शेडवर गेलो. डोकं असं तापलं होतं की वर पातेलं ठेवलं असतं तर उकळी आली असती. शेड मात्र लखलखीत. पांढऱ्या फरशा, भिंतीवर फ्रेममध्ये दोन्ही सर्टिफिकेटं, तिसऱ्यासाठी खिळासुद्धा ठोकून ठेवलेला. तिसरं मिळालं की दिमाख चॅम्पियन, आणि क्लबच्या यादीत 'पैदाशीस पसंत' असा शिक्का. मग गावोगावच्या माद्या त्याच्यासाठी येणार.

"बारा बुक झाल्यात," मेजरने सांगितलं. मी काही विचारायच्या आत. "तुझ्या बहिणीच्या पिल्लाची आई तर कालच व्याली परत. दिमाखचंच वेत. पाच आहेत, ये, बघ."

"टाचणीचे पाय गेले, मेजर."

मान हलली. "अरेरे. असं कर, परत आण तिला. बदलून देतो."

"बदलून?"

"दुसरं पिल्लू देतो ना. फुकट! शब्द आहे माझा."

"पडद्याचं कापड आहे का ते? रंग उतरला, बदलून द्या?" मी ओरडलो. पिंजऱ्यातली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. "तिला मुतलेलं कळत नाही! आठ महिन्यांचं पोर ते, फरफटत जातं माझ्या बहिणीच्या मागे! तुला डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, हलकटा!"

"आवाज खाली. पिल्लं दचकतात." त्याने खिशातून फडकं काढून सर्टिफिकेटची काच पुसली, अगदी शांतपणे. "डॉक्टर सांगणारच, त्यांचा धंदा आहे. जजनी काय सांगितलंय? सरळ. कुणामुळे सांगितलं? तू बोल की, बोल क्लबपुढे. पहिले हात तुझे काळे निघतील, उस्ताद. मी म्हणेन, मला काय माहीत? न्हाव्याने काय चिकटवलं ते न्हाव्यालाच विचारा."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो छाती काढून बाहेर गेला. तेराव्या मादीचा असणार.

मी पिल्लांच्या टोपलीपाशी बसलो. पाच जण एकमेकांवर पडून दूध शोधत होते, डोळे बंद. आई माझा हात हुंगून परत आडवी झाली. सवयीने अंगठा फिरवायला गेलो तर दोघांच्या शेपटीच्या बुडाशी काहीतरी लागलं. रबर. बारीक, घट्ट, दोन वेढ्यांचा. त्याच्या खालची शेपटी जांभळी. आणि जांभळ्या भागात, मध्यावरच, तोच कोपर.

असं करत होता तर! ज्याची सरळ, त्याची ठेवायची. ज्याची वाकडी, त्याचा पुरावाच गळून पडू द्यायचा. मग आई चावली. बिचारी आई! जन्म देऊन वर आळही तिच्यावर.

शेपट्या अजून गरम होत्या, म्हणजे सकाळीच बांधले असणार. कानातले केस काढायची माझी बोथट टोकाची कात्री खिशातच असते. दोन्ही रबर कापले. एक पिल्लू किंचाळलं, मग रक्त परत धावलं असावं, गप्प झालं. रबराचे तुकडे मी खिशात टाकले आणि उभा राहिलो.

मेजर आत आला तोवर मी तोंडावर हसू चढवलं होतं. आयुष्यभराची प्रॅक्टिस कामाला आली.

"चुकलो, मेजरसाहेब. बहिणीचं रडणं बघून डोकं फिरलं. शो रविवारी ना? गंगावन नवं करतो. आधीच्यापेक्षा झकास."

त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "असा लायनीवर ये."

शेडमधून मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो, रबराचे तुकडे टेबलावर ठेवले. त्यांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर शिवी हासडली. त्याच संध्याकाळी पिल्लं तपासायला म्हणून त्या शेडवर जाऊन धडकल्या आणि पाचांचेही फोटो काढून आल्या, त्यामुळे परत रबर बांधायची सोय राहिली नाही. मेजरला वाटलं, पहिले रबर आईने ओढून काढले. पुन्हा आळ आईवर. असो.

मग ताईकडे. पायरी चढलो नाही. फुटपाथवरूनच बोललो.

"ताई, एक शिवण शिकव."

तोंडात टाचण्या. खाली टाचणी पडद्यावर आडवी, मला बघून तिचा गोंडा हलायला लागला. हलत तेवढंच होतं मागचं.

"अशी शिवण, की दिसायला पक्की, हाताला पक्की, आणि योग्य जागी ओढलं की एका झटक्यात सगळी सुटेल."

ताईचं मशीन थांबलं. तिने एकेक टाचणी तोंडातून काढून उशीत खोचली. चारही.

"धावदोरा म्हणतात त्याला. पक्की शिलाई मारायच्या आधी घालतो आम्ही," ती म्हणाली. "कुठे घालायचाय?"

मी सांगितलं. तिने पेटीतून रेशमाचं एक रीळ काढलं, दिवाणाची गादी दाखवावी तशी पायरी दाखवली. "वर नाही. तिथेच बस."

पायरीवर बसून मी धावदोरा शिकलो. बावन्नाव्या वर्षी. चार वेळा उसवायला लावलं तिने. "हे काय टाके आहेत की उंदराच्या लेंड्या?" असं बोलली तेव्हा मला जरा बरं वाटलं.

रविवारी हॉल खच्चून भरलेला. टेबलांवर कुत्री, कुत्र्यांवर माणसं, सगळीकडे पावडर. मी दिमाखला धुतलं, वाळवलं, अंगठा फिरवला. त्याने सवयीने माझं मनगट चाटलं. "दिम्या," मी त्याच्या कानात म्हटलं, "तुझा काही दोष नाही लेका." मग गंगावन लावलं. शिवण इतकी सुंदर की मेजरने दोनदा ओढून बघितली आणि खूश झाला. तो बुडाकडून टोकाकडे ओढत होता. दोऱ्याचं मोकळं टोक मी केसांखाली, वाकड्या जागेच्या आतल्या अंगाला ठेवलं होतं. जो केसांत खरोखर बोट घालून हाड शोधेल, त्याच्याच बोटात ते अडकणार.

आणि हीच माझी भीती होती. आधीच्या दोघांनी घातलं नव्हतं बोट. म्हणून मी रिंगणाच्या कडेला एक काम केलं. जज बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, तरातरा चालणाऱ्या. त्या टेबलापाशी आल्या तेव्हा मी दोरीच्या अलीकडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने ताईला म्हटलं, "बघ हं ताई, ह्याच्या शेपटीचं हाड कसं सरळसोट आहे! बोट घालून बघावं असं!"

जज बाईंनी वळून माझ्याकडे रागाने बघितलं. रिंगणात बाहेरच्यांनी बोलायचं नसतं. आणि ज्याची कुणी एवढी तारीफ करतं, ते माणूस जरा जास्तच निरखून बघतं. त्यांनी केसांत बोटं घातली, हाड धरलं आणि खाली सरकवत नेलं. बोटं थांबली. मग जराशी मागे आली.

सर्रकन दोरा सुटला. आख्खं गंगावन बाईंच्या हातात आलं.

एक बाई किंचाळली, तिला वाटलं शेपटीच निघाली. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा हॉल फुटला. टेबलावर दिमाख मजेत शेपटी हलवत होता. वाकडी, कोपरासारखी, बिनकेसांचा खळगा उघडा, सगळ्यांना दिसेल अशी.

मी हसलो नाही. शप्पथ. मला पहिल्यांदा हसू आलंच नाही.

"दारात अडकली होती!" मेजर ओरडला. "लहानपणी! हा न्हावी... ह्यानेच काहीतरी..."

"हो, मीच," मी दोरी ओलांडून आत गेलो. "आधीची दोन सर्टिफिकेटंही माझ्याच हातची. दोन्ही जजना मी फसवलं. ह्याच्या सांगण्यावरून, पण हात माझे. आणि दारात एकाची अडकते हो. त्याच्या पोरांच्याही शेपट्या त्याच दारात अडकतात का? कालपरवा जन्मलेल्या दोघांच्या अडकल्या, डोळे उघडायच्या आत? ह्याने त्यांना रबर बांधले होते." रबराचे तुकडे मी टेबलावर ठेवले. डॉक्टरीणबाई फोटो आणि चार एक्स-रे घेऊन आल्या. आणि खुर्च्यांमधून ताई उठली, टाचणी कडेवर. ती भाषण वगैरे देणाऱ्यातली नाही. तिने टाचणीला रिंगणाच्या हिरव्या गालिच्यावर ठेवलं, बस. टाचणी दिमाखकडे निघाली. पुढचे दोन पाय चालत, मागचे दोन ओढत. हॉलभर हसणारे लोक एकेक करून गप्प झाले.

जज बाईंच्या हातात अजून ते गंगावन होतं. त्या मेजरला म्हणाल्या, "ह्याचा एक्स-रे काढून आणा. तोवर ह्या कुत्र्याचं नाव कुठल्याही यादीत लागणार नाही." मग मला म्हणाल्या, "आणि तुम्ही. तुम्हाला ह्या हॉलमध्ये परत बघायचं नाही मला."

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

एक्स-रेत शेपटीचे दोन मणके पाचरीसारखे निघाले, आणि कमरेतला एक. क्लबने दोन्ही सर्टिफिकेटं रद्द केली, दिमाखच्या पुढच्या पिल्लांना जातीचे कागद मिळणार नाहीत असं कळवलं. बारांपैकी नऊ जणांनी मेटिंग रद्द केलं. ऐका, बारांपैकी नऊ. उरलेल्या तिघांनी मेजरला फोन करून विचारलं, कागद नसतील तर स्वस्तात होईल का! हे मला मेजरनेच सांगितलं, दिमाखला माझ्या दुकानाच्या कडीला बांधताना. "ठेव आता तूच. मला वाकडं कुत्रं नको." दोन वर्षं त्याच्या जिवावर छाती काढून फिरला आणि निघताना मागे वळून बघितलंसुद्धा नाही. दिमाख मात्र गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्याकडे बघत राहिला, ती वाकडी शेपटी हलवत. कुत्र्यांचं हेच मला कळत नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी दिमाखची नसबंदी केली. त्या तिघांना म्हणावं, आता या स्वस्तात.

दिमाख आणि टाचणी आता ताईच्या दुकानात असतात. टाचणीला मागे दोन चाकं लावलीत. पाय आले नाहीत, येणार नाहीत. दिवसातून तीनदा ताई तिला पोट दाबून मोकळी करते, पुसते, कोरडी करते. ते बघताना मला अजून मेजरचं 'बदलून देतो' ऐकू येतं आणि हातातली कात्री आवळली जाते. मला पायरी चढायला परवानगी मिळाली, पण दोन अटींवर. एक, दिमाखला दर रविवारी फुकट आंघोळ. दुसरी ताई म्हणाली, "हसायचं तिथे हस. पण आधी विचार, कुणाच्या जिवावर."

परवा दुकानात एक फोन आला. गोड आवाज. "तुम्हीच का ते गंगावनवाले? आमच्या नराची शेपटी जरा वाकडी आहे हो. शो आहे. तुमचं काम ऐकलंय, एकदम झकास म्हणे."

बघा! एवढा तमाशा झाला आणि लोकांनी त्यातून उचललं काय? माझा पत्ता! माझ्या डोक्यात अशी सणक गेली, पण आवाज मी लोण्यासारखा ठेवला.

"या की. पण आता माझी मोठी शाखा आहे, तिकडे या. नर आणा, मादी आणा, असली-नसली सगळी पिल्लं आणा. शेपटी बुडापासून टोकापर्यंत तपासून कायमचा बंदोबस्त करून देतो."

"अय्या, कायमचा?"

"एकदम कायमचा," मी म्हटलं, आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचा पत्ता दिला.